स्पोर्ट्स कारला मागाहून बसवलेला सुपरचार्जर: इंजिन खरोखर टिकते का?

वळणवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे दोन आसनांची, मागच्या चाकांना ताकद देणारी स्पोर्ट्स कार आहे. इंजिन चार सिलिंडरांचे, दोन लिटरचे, टर्बो नसलेले आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते) १३:१ आहे आणि गाडी आजवर ६८,००० किलोमीटर धावली आहे. वळणांवर ती इतकी गुणी आहे की विकण्याचा विचार मनाला शिवत नाही. पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना मिनिटाला ३,००० ते ४,५०० फेऱ्यांच्या मध्ये तिचा जीव कमी पडतो, आणि ही उणीव मला आता रोज जाणवू लागली आहे.

गेले काही महिने मी एका तयार सुपरचार्जर किटचा, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून जास्त हवा आत ढकलणाऱ्या यंत्राच्या संचाचा, अभ्यास करतो आहे. त्यात ०.५ बार बूस्ट (हवेचा वाढीव दाब) देणारा रोटरचा सुपरचार्जर, तापलेली हवा गार करणारा, पाण्याने थंड होणारा इंटरकूलर आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) तयार मॅप, म्हणजे इंधन व ठिणगीचे तक्ते, मिळतो. इंजेक्टर व इंधनाचा उच्चदाब पंप मूळचेच राहतात आणि इंजिन आतून उघडावे लागत नाही. शक्ती साधारण १८० अश्वशक्तीवरून २५० वर जाईल, असे विक्रेता सांगतो. “बूस्ट इतका कमी आहे की इंजिनाला तो कळणारही नाही,” असेही तो म्हणाला, आणि खरे सांगायचे तर त्याच वाक्याने मला सावध केले. शक्ती चाळीस टक्क्यांनी वाढावी आणि ती ज्यातून निघते त्याला पत्ताही लागू नये, हे पटत नाही.

गाडी मी आठवड्यातून चार-पाच दिवस वापरतो आणि वर्षातून पाच-सहा वेळा ट्रॅकवर नेतो, तेथे वीस-वीस मिनिटांची सत्रे असतात. अशा वापरात सर्वांत आधी काय निकामी होते, आणि किट मागवण्यापूर्वी इंजिनाची कोणती तपासणी करून घ्यावी, हे अनुभवींनी सांगावे. “बसवून टाका, काही होत नाही” आणि “हात लावू नका” ही दोन्ही उत्तरे मी भरपूर वाचली आहेत. मला कारणे हवी आहेत.

फ्लायव्हील

विक्रेत्याचे वाक्य आपल्याला खटकले हे चांगले झाले. इंजिने उघडण्याचे आणि बांधण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि सुपरचार्जर बसवलेली जी इंजिने माझ्या टेबलावर आली त्यांत सुपरचार्जर स्वतः मोडला म्हणून आलेले इंजिन क्वचितच होते. आलेली बहुतेक इंजिने उष्णतेमुळे किंवा इंधन कमी पडल्यामुळे गेलेली होती. म्हणून “सुपरचार्जर भरवशाचा आहे का” हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, हवा वाढल्यावर बाकीच्या गोष्टी तिला पुऱ्या पडतात का, हे आधी पाहू.

प्रथम बूस्टचा आकडा. ०.५ बार म्हणजे हवेचा दाब दीडपट झाला, एवढेच. हवा दाबली की ती तापते. बाहेरचे तापमान ३० अंश सेल्सिअस धरले आणि दाबण्याची क्रिया अगदी आदर्श मानली, तरी दीडपट दाबाला हवा सुमारे ३७ अंशांनी तापते. प्रत्यक्षात रोटरच्या सुपरचार्जरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास धरली, तर वाढ ६२ अंशांची होते, म्हणजे हवा ९२ अंशांवर बाहेर पडते. हीच हवा इंजिनात घातली तर तिची घनता दीडपट होत नाही, जेमतेम सव्वापट होते. मध्ये इंटरकूलर असेल आणि त्याने वाढलेल्या उष्णतेपैकी सत्तर टक्के काढून घेतली, तर हवा ४९ अंशांवर येते आणि घनता १.४१ पट होते. आपल्या विक्रेत्याचा चाळीस टक्क्यांचा दावा या दुसऱ्या आकड्यावर उभा आहे. दाबमापकात दोन्ही वेळा ०.५ बारच दिसेल. एका वेळी इंजिन सुखात असेल आणि दुसऱ्या वेळी नॉकिंगच्या (मिश्रण अवेळी, दणक्याने पेटण्याच्या) उंबरठ्यावर. म्हणून नुसता बूस्टचा आकडा सांगणाऱ्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आता १३:१ हा कॉम्प्रेशन रेशो. कारखान्यांनी स्वतः जेव्हा सुपरचार्जर बसवले तेव्हा त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. टोयोटाने १९८६ मध्ये पहिल्या पिढीच्या एमआर२ ला सुपरचार्जर दिला, तेव्हा ४ए-जीई इंजिनाचा ९.४:१ चा रेशो उतरवून ८:१ केला आणि आत फोर्ज केलेले (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन घातले. त्या इंजिनाला ४ए-जीझेडई हे वेगळे नावच दिले. शेव्हरोलेच्या सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये साध्या एलटी१ इंजिनाचा रेशो ११.५:१ आहे, तर झेड०६ मधील सुपरचार्जर असलेल्या एलटी४ चा १०:१, आणि पिस्टन तेथेही फोर्जच. हातात सगळी साधने असलेल्या माणसांनी रेशो उतरवला आणि पिस्टन बदलले. किट विकणारा मात्र दोन्ही तसेच ठेवतो आणि सगळा भार मॅपवर टाकतो. ते अशक्य आहे असे मी म्हणत नाही. लोटसने एलिस आणि एक्सिजमध्ये टोयोटाच्या ११.५:१ रेशोच्या इंजिनावर सुपरचार्जर बसवून गाड्या विकल्या. पण रेशो जितका जास्त, तितकी चुकीला जागा कमी. १३:१ वर ती जागा फारच थोडी उरते, आणि ती इग्निशन मागे घेऊन म्हणजे ठिणगी उशिरा टाकून मिळवावी लागते. ठिणगी उशिरा पडली की एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणजे उष्णता गेली नाही, तिने फक्त घर बदलले.

रोजच्या वापराबद्दल मात्र मी निश्चिंत करू शकतो. चांगल्या किटमध्ये बायपास व्हॉल्व्ह असतो. आपण शांतपणे गाडी चालवत असताना थ्रॉटल (हवेची झडप) अर्धवट मिटलेला असतो, इनटेकमध्ये (हवा आत नेणाऱ्या मार्गात) निर्वात असतो, आणि सुपरचार्जरमधून निघालेली हवा बायपासमधून परत त्याच्याच तोंडाशी जाते. इंजिनावर बूस्टचा भार नसतो. कामावर जाताना-येताना पाय पूर्ण दाबलेला असण्याची वेळ मोजली तर ती काही सेकंदांचीच निघेल. त्यामुळे “माझ्या गाडीवर इतकी हजार किलोमीटर झाली, काहीही झाले नाही” असे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांची किलोमीटरे बूस्टशिवायची असतात.

ट्रॅकवरची वीस मिनिटे हा वेगळाच हिशेब आहे. तेथे पाय बहुतेक वेळ खाली असतो आणि इंटरकूलरचे पाणी फेरीगणिक तापत जाते. वर उल्लेखलेल्या कॉर्व्हेट झेड०६ च्या २०१५ च्या गाड्यांबाबत ट्रॅकवर इंजिन तापून शक्ती कमी होत असल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या, आणि २०१७ च्या मॉडेलला कंपनीने बॉनेटमधील हवेच्या जाळ्या मोठ्या केल्या व सुपरचार्जरचे झाकण बदलले. एवढ्या मोठ्या कंपनीला दोन वर्षांनी जे दुरुस्त करावे लागले, ते एका बॉक्समध्ये येणाऱ्या किटने पहिल्याच प्रयत्नात साधले असेल, असे गृहीत धरू नका.

सर्वांत आधी काय जाते, या प्रश्नाचे माझे उत्तर: क्लच आधी कळवतो, पट्टा कुरकुरतो, आणि पिस्टन न सांगता जातो.

सावकाश

माझे मत थोडे रुक्ष वाटेल. १३:१ रेशोचे इंजिन फुंकून घेण्यासाठी बांधलेले नाही. ते वरच्या फेऱ्यांत गाण्यासाठी आणि कमी पेट्रोल पिण्यासाठी बांधलेले आहे. मधल्या फेऱ्यांत जोर हवा असेल तर फायनल ड्राइव्हचा (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचा) रेशो थोडा आखूड करून घ्या. प्रत्येक गिअरमध्ये चाकांवर जास्त जोर मिळेल आणि इंजिनाच्या आत कोणताही दाब वाढणार नाही. महामार्गावर फेरे थोडे वाढतील, तेवढे सोसा. त्याने समाधान होत नसेल तर कारखान्यातूनच टर्बो किंवा सुपरचार्जर घेऊन आलेली गाडी पाहा. ब्रेक, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, रेडिएटर हे सगळे त्या शक्तीच्या मापाने आधीच ठरवलेले असते. किटमध्ये यातले काहीही नसते.

चौथा गिअर

‘सावकाश’ यांच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण प्रश्नकर्त्याला हीच गाडी आवडते, आणि ते प्रेम मला कळते. माझ्या गाडीवर सुपरचार्जर बसवून चार वर्षे आणि ५२,००० किलोमीटर झाली. माझे इंजिन पोर्टात (सिलिंडरच्या बाहेर, इनटेक व्हॉल्व्हच्या तोंडाशी) इंधन फवारणारे, जुन्या धाटणीचे आणि १०.५:१ रेशोचे आहे, त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू पडणार नाही. तरी एक प्रसंग सांगतो, कारण माझा गैरसमज तेथे दूर झाला.

किट बसवल्यानंतर पहिले आठ महिने मी अत्यंत खूश होतो. ज्या वर्कशॉपने मॅप केला त्यांनी तो डायनोवर (शक्ती मोजण्याच्या रोलरवर), समोर मोठा पंखा लावून, सकाळच्या थंड वेळी केला होता, आणि आलेख गुळगुळीत होता. नंतर मी हौसेने एक्झॉस्टमधून मिश्रणाचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावला आणि लॉगिंग सुरू केले. ट्रॅकवर, चौथ्या गिअरमध्ये, टाकी पाव भरलेली असताना, ६,२०० फेऱ्यांच्या पुढे लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण; १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त) ०.८२ वरून चढत ०.९७ वर गेलेला लॉगमध्ये दिसला. पूर्ण बूस्टवर ०.९७ म्हणजे मिश्रण फारच पातळ. गाडी चालवताना मला काहीही जाणवले नव्हते. उलट त्या फेरीत ती अधिकच चपळ वाटली होती.

घरी आल्यावर प्लग काढले. तीन ठीक होते. चौथ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याची पूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके होते, आणि भिंगातून पाहिल्यावर त्यांतले काही चमकत होते. ते काजळीचे नव्हते. पिस्टनच्या माथ्यावरून उडालेल्या ॲल्युमिनियमचे होते. बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घातला तेव्हा पिस्टनची एक्झॉस्टकडील कड वाळूने घासल्यासारखी खडबडीत दिसली.

कारण साधे निघाले. माझ्या गाडीत इंधनाची परतीची नळी नाही आणि रेलमधील (इंजेक्टरांना इंधन वाटणाऱ्या नळीतील) दाब ३ बारवर कायम असतो. इंजेक्टरचे दुसरे टोक मात्र इनटेकमध्ये उघडते, आणि तेथे आता ०.५ बारचा उलटा दाब आहे. म्हणजे इंजेक्टरला ढकलणारा दाब ३ ऐवजी २.५ बारच उरतो, आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. हवा चाळीस टक्के वाढलेली असताना इंधन नऊ टक्के कमी. मॅपमध्ये इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून हे भरून काढले होते, पण जुना पंप गरम झाल्यावर आणि टाकीतले पेट्रोल वळणावर एका बाजूला गेल्यावर ती भरपाई पुरी पडेना. पंप बदलला, बूस्टनुसार दाब वाढवणारा रेग्युलेटर लावला, मॅप नव्याने करून घेतला, आणि लॅम्डा मर्यादेबाहेर गेला की थ्रॉटल आपोआप मिटवणारे संरक्षण ईसीयूत घातले. तेव्हापासून इंजिन सुरळीत चालू आहे. तो खडबडीत पिस्टन अजूनही आतच आहे. मी वर्षातून दोनदा बोअरस्कोपने त्याची विचारपूस करतो.

बाकी किरकोळ गोष्टी: क्लच पहिल्या वर्षातच घसरू लागला, तो जड घातला. पट्टा २५,००० किलोमीटरला काळी पूड टाकू लागला. आयडलर पुलीचे बेअरिंग वाजत होते, ते बदलले. प्लग एक पायरी थंड घेतले आणि गॅप १.१ वरून ०.७ मिलिमीटर केली, नाहीतर दाट मिश्रणात ठिणगी विझून गाडी अडखळते. क्रँककेसची (पिस्टनखालच्या, तेल असलेल्या भागाची) वाफ आता इनटेकमध्ये जास्त तेल घेऊन येते, म्हणून मध्ये ते तेल अडवणारा डबा, कॅच कॅन, लावला आहे. तो रिकामा करताना प्रत्येक वेळी वाटते की हे सगळे पूर्वी सिलिंडरमध्ये जळत होते.

वळणवाट

दोघांचेही मनापासून आभार, आणि ‘सावकाश’ यांचेही. फायनल ड्राइव्हचा पर्याय मी खरोखर विचारात घेतला नव्हता. तुमचे वाचून तीन शंका आल्या.

माझे इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारतात, म्हणजे ‘चौथा गिअर’ यांनी सांगितलेला उलट्या दाबाचा प्रश्न मला येऊ नये, हे बरोबर आहे का? दुसरे, काही जण रोटरऐवजी सेंट्रिफ्युगल (वेगाने फिरणाऱ्या चक्राने हवा फेकणारा) सुपरचार्जर घ्या म्हणतात, कारण तो “इंजिनाला हळुवार” असतो. तिसरे, थेट इंजेक्शनच्या इंजिनांत कमी फेऱ्यांवर बूस्ट देऊ नये असे कोठेतरी वाचले, पण मला जोर नेमका तेथेच हवा आहे.

फ्लायव्हील

पहिल्या शंकेचे उत्तर: हो, उलट्या दाबाचा प्रश्न आपल्याला जवळजवळ नाही, कारण थेट इंजेक्शनचा रेलमधील दाब शंभर बारच्या वर असतो आणि अर्ध्या बारने त्याला काही फरक पडत नाही. पण त्याच्या जागी दुसरी अडचण उभी राहते. पोर्टातला इंजेक्टर गरज पडल्यास क्रँकचे जवळजवळ दोन्ही फेरे उघडा राहू शकतो. व्हॉल्व्ह मिटलेला असला तरी इंधन पोर्टात थांबते. थेट इंजेक्टरला ती मुभा नसते. त्याने हवा आत येत असताना आणि फार तर त्यानंतर थोडा वेळ, एवढ्यातच सगळे इंधन फवारायचे, आणि त्याची वाफ व्हायलाही वेळ द्यायचा. ७,००० फेऱ्यांवर एक स्ट्रोक म्हणजे साधारण ४.३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात चाळीस टक्के जास्त इंधन मूळच्याच इंजेक्टरने आणि मूळच्याच पंपाने द्यायचे आहे. विक्रेत्याला एक गोष्ट लेखी विचारा: लाल रेषेजवळ (कमाल फेऱ्यांजवळ), पूर्ण बूस्टवर, रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब यांचा लॉग दाखवा. प्रत्यक्ष दाबाची रेघ शेवटच्या हजार फेऱ्यांत खाली वाकत असेल तर पंप संपला. असा लॉग देण्यास टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

सेंट्रिफ्युगलबद्दल “हळुवार” हा शब्द अर्धाच खरा आहे. रोटरचा सुपरचार्जर प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतो, त्यामुळे बूस्ट २,५०० फेऱ्यांपासूनच जवळजवळ पूर्ण मिळतो. सेंट्रिफ्युगलचा बूस्ट फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७,००० ला ०.५ बार देणारा ३,५०० ला सुमारे ०.१२ बारच देईल. त्याची कार्यक्षमता चांगली असते, हवा कमी तापते, आणि मधल्या फेऱ्यांत रॉड, क्लच व गिअरबॉक्स यांच्यावरचा टॉर्क मर्यादेत राहतो. या अर्थाने तो खरोखर सौम्य आहे. पण तो सगळी ताकद लाल रेषेच्या टोकाला देतो, जेथे पिस्टनच्या ये-जा करण्याचा ताण आधीच सर्वाधिक असतो. शिवाय आपली तक्रार ३,००० ते ४,५०० ची आहे. आजार पोटाचा आणि औषध डोळ्याचे, असे होईल. आपल्याला हवा तो गुण रोटरवाल्यातच आहे, आणि त्याची किंमत टॉर्कच्या रूपात क्लच आणि गिअरबॉक्स मोजतील. गिअरबॉक्स किती टॉर्कसाठी बनला आहे ते आधी शोधून काढा. शक्तीचा आकडा सगळे विचारतात, गिअरचे दात मात्र टॉर्कने तुटतात.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची आहे. थेट इंजेक्शन आणि बूस्ट एकत्र आले की कमी फेऱ्यांवर, जास्त भाराखाली, ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा आणि इंधनाचा मिसळलेला थेंब उडतो, तो किंवा सुटलेला कार्बनचा कण आधीच पेटतो, आणि पुढचा दणका नेहमीच्या नॉकिंगपेक्षा कितीतरी मोठा असतो. नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर ईसीयू ठिणगी मागे घेतो, पण येथे ठिणगीचा संबंधच नसल्याने त्याला काही करता येत नाही. एका दणक्यात पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटलेला मी पाहिला आहे. हा धोका कमी करण्यासाठी तेलाची मानके बदलली; २०२० पासून आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाच्या तेलात यासाठीची चाचणी अंतर्भूत आहे. तेलातील कॅल्शियमवर आधारित स्वच्छकारक द्रव्ये या प्रकाराला खतपाणी घालतात, मॅग्नेशियमवर आधारित तितकी घालत नाहीत. म्हणून तेल एसपी दर्जाचेच घाला, कंपनीने सांगितलेल्या निम्म्या अंतरावर बदला, आणि मॅप करणाऱ्याला सांगा की २,५०० फेऱ्यांच्या खाली बायपास उघडा ठेवून बूस्ट कापावा. पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १,८०० फेऱ्यांवर पाय तळाला नेण्याची सवय असेल तर ती मोडा. एक गिअर खाली टाकणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

पट्ट्याचाही हिशेब सांगून ठेवतो, कारण तो कोणी विचारत नाही. आपल्या इंजिनाला सेकंदाला ०.२ किलो हवा लागते असे धरले आणि ती ६२ अंशांनी तापत असेल, तर तेवढे काम करायलाच साधारण १२ किलोवॉट, म्हणजे सोळा-सतरा अश्वशक्ती पट्ट्यातून जाते. ती क्रँकच्या पुढच्या टोकावर एका बाजूला ओढत राहते. पुढचे मुख्य बेअरिंग आणि क्रँक पुलीचा बोल्ट यांना ही ओढ नवीन आहे. पुली काढावी लागेल तेव्हा बोल्ट नवा वापरा आणि टॉर्क रेंचनेच आवळा.

आता तपासणी. किट मागवण्याआधी गरम इंजिनावर लीकडाउन चाचणी करून घ्या. नुसत्या कॉम्प्रेशन चाचणीवर थांबू नका, कारण ती बॅटरी आणि स्टार्टरच्या मनःस्थितीवरही अवलंबून असते. प्रत्येक सिलिंडर वरच्या टोकाला आणून त्यात साधारण ७ बार दाबाची हवा सोडतात आणि किती टक्के निसटते ते पाहतात. दहा टक्क्यांच्या आत आणि चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन चांगले. निसटणारी हवा कोठून बाहेर येते ते कान लावून ऐका: थ्रॉटलच्या तोंडाशी फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या नळीतून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. थोडी फुसफुस रिंगांमधून येतेच, तिला घाबरू नका.

वळणवाट

दोन आठवड्यांनी परत लिहितो आहे. रेलच्या दाबाचा लॉग विक्रेत्याकडे मागितला. “असे कोणी मागत नाही” असे उत्तर आले, लॉग आला नाही.

लीकडाउन करून घेतली आणि मी स्वतः तेथे उभा होतो. पहिला सिलिंडर ७ टक्के, दुसरा ८, तिसरा २१, चौथा ९. तिसऱ्याच्या वेळी मेकॅनिकने तेलाचे झाकण काढून मला कान लावायला सांगितले. बाकीच्या तिघांच्या वेळी जेमतेम श्वास ऐकू येत होता, येथे सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसा स्पष्ट आवाज होता आणि कानाला तेलाचा कोमट वास लागत होता. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले तेव्हा आकडा १२ वर आला. गाडी तेल फारसे खात नाही, धूर नाही, चालवताना काही जाणवत नाही. या आकड्यांचा अर्थ कसा लावावा?

फ्लायव्हील

तेल टाकल्यावर गळती घटली, म्हणजे हवा रिंगांजवळून निसटते आहे; व्हॉल्व्ह ठीक असावेत. बूस्टशिवाय हे इंजिन असेच आणखी बरीच वर्षे चालेल आणि आपल्याला कधी कळणारही नाही. पण याच अवस्थेत त्यावर बूस्ट घातला तर तिसऱ्या सिलिंडरमधून क्रँककेसमध्ये जाणारा वायू वाढेल, तो तेलाची वाफ उचलून इनटेकमध्ये आणेल, त्या तेलाने पेट्रोलची नॉकिंग सहन करण्याची क्षमता घटेल, आणि १३:१ वर ती घट परवडणारी नाही. एक सिलिंडर आधी नॉक करू लागेल आणि मॅप मात्र चौघांचा एकच असेल. या इंजिनावर, आजच्या स्थितीत, मी किट बसवणार नाही, आणि कोणी आग्रह केला तर त्याचे काम घेणारही नाही.

मात्र लगेच इंजिन उघडू नका. थेट इंजेक्शनच्या इंजिनांत तेलाच्या रिंगेत कार्बन साचून रिंगा चिकटलेल्या सापडतात, आणि तो दोष काही वेळा परत फिरतो. आधी बोअरस्कोपने तिसऱ्याच्या भिंती पाहा. होनिंगच्या (भिंत घासताना मुद्दाम ठेवलेल्या) तिरप्या रेघा शाबूत असतील तर आशा आहे. उभे ओरखडे असतील तर नाही.

उघडायची वेळ आलीच, तर मग सगळेच प्रश्न नव्याने विचारता येतील. १०.५:१ च्या आसपासचे फोर्ज पिस्टन घालता येतील आणि रिंगेची गॅप बूस्टच्या मापाने ठेवता येईल. ८६ मिलिमीटर बोअरला वरच्या रिंगेची गॅप टर्बोशिवाय साधारण ०.३५ मिलिमीटर ठेवतात. बूस्टसाठी ती ०.४५ ते ०.५ लागते, नाहीतर तापून फुगलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा माथा सोबत घेऊन जातात. पिस्टन बनवणारा जो आकडा देईल तोच शेवटी पाळावा. असे बांधलेले इंजिन आणि मोठा उच्चदाब पंप असेल तर ०.५ बार ही खरोखर माफक मागणी ठरेल.

चौथा गिअर

बोअरस्कोप वाकणाऱ्या टोकाचा मागा; सरळ नळीचा पिस्टनचा माथा दाखवतो, भिंत दाखवत नाही. पिस्टन खालच्या टोकाला नेऊन पाहा, आणि फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येईल.

वळणवाट

किटची मागणी रद्द केली आहे. काल बोअरस्कोपने पाहिले: तिसऱ्या सिलिंडरमध्ये तिरप्या रेघा सर्वत्र स्पष्ट आहेत, उभा ओरखडा एकही नाही, पिस्टनच्या कडेला मात्र काळा, जाड थर आहे. तेल बदलून एसपी दर्जाचे घातले आहे आणि आता ‘फ्लायव्हील’ यांनी सांगितल्याप्रमाणे निम्म्या अंतरावर बदलत राहीन. ३,००० किलोमीटरनंतर त्याच मेकॅनिककडे, त्याच गेजवर, पुन्हा लीकडाउन करून तिसऱ्याचा आकडा येथे लिहितो. तोवर फायनल ड्राइव्हच्या आखूड रेशोबद्दल ‘सावकाश’ यांनी थोडे सविस्तर सांगावे: बदलल्यावर वेगमापक चुकीचा दाखवू लागतो का, आणि सहाव्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे किती वाढतात?

सावकाश

मूळचा रेशो ३.९ असेल आणि आपण ४.३ बसवला, तर प्रत्येक गिअरमध्ये, त्याच वेगाला, फेरे दहा टक्क्यांनी वाढतील; महामार्गावर आज ३,००० असतील तर ३,३०० होतील, आणि चाकावरचा जोरही तेवढ्याच टक्क्यांनी वाढेल. वेगमापक आपला वेग चाकांच्या एबीएस सेन्सरवरून घेत असेल तर काहीच बदलत नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून घेत असेल तर तो तितकाच जास्त दाखवेल आणि ईसीयूत दुरुस्ती करावी लागेल. आपल्या गाडीत तो कोठून येतो ते वायरिंगच्या नकाशात पाहून सांगा, मग पुढचे बोलू.